कांगुले

पहिल्यांदा आला तेव्हा सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर
तो बारावा गडी होता. पाण्याच्या बाटल्या, सुके हातमोजे,
कुणाच्या तरी बुटाची तुटलेली नाडी.
स्कोअरवहीत बाराव्या गड्याला रकाना नसतो.
तरी माझ्या घरच्या वहीत, खाली, मी पेन्सिलीनं लिहिलं:
मोंडे कांगुले, दक्षिण आफ्रिका.
शेजारी बसलेला उमाळे म्हणाला, हा तं काटोलकडचा वाटते बे,
जावई हाय का कोनाचा?
हसलो आम्ही. तो सीमारेषेबाहेर मांडी घालून बसलेला,
मुंग्यांच्या रांगेला वाट देत.

पुढची नऊ वर्षं मला पेपरातून कळली,
क्रीडापानाच्या तळाशी.
डर्बनला चाळीस. पर्थला घोटा मोडला.
वगळला, हे एका ओळीत. परत घेतला, तेही एका ओळीत.
मधले चौदा महिने कुठल्याच ओळीत नाहीत.
मी ए. जी. ऑफिसात लोकांची पेन्शन काढतो.
खंडित सेवा म्हणजे काय, ते मला विचारा.

दुसऱ्यांदा जामठ्याला. नऊ तास खेळला.
धावा कुणीही सांगेल, एकशे चौसष्ट.
टिंबं तीनशे अकरा. ती मी काढली, एकेक,
दोनदा पेन्सिल छिलून.
टिंब म्हणजे काही झालं नाही.
चेंडू आला, त्यानं पाहिला, पायाशी निजवला,
मिहानवरून उतरणाऱ्या विमानाकडे एकदा बघून घेतलं
आणि पुन्हा वाकून उभा.
काऊन रे, झोपला का? असं ओरडून ओरडून
चहापर्यंत स्टँड अर्धा उठून गेला.
मला उठता येत नव्हतं.
लघवी दाबून मी त्याच्याबरोबर खेळलो.

तिसऱ्यांदा आला तो शेवटचा.
कानामागे केस पांढरे. खेळपट्टी पहिल्याच सकाळी
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी.
एक टिंब. मग त्रिफळा.
उमाळे म्हणाला, झिरो माईल पाहून चालला भाऊ.
या वेळी मी हसलो नाही.

संध्याकाळी तो आमच्या खोलीत आला, रबरी चपला घालून, एकटाच.
जुना डाव पाहायचा होता. मी घरची वही काढली.
बेरजेकडे त्यानं पाहिलंही नाही.
टिंबांवरून बोट फिरवत गेला, उलटा, पहिल्या षटकापर्यंत,
मग नावावर थांबला. हे काय? वाच.
मी वाचलं, कांगुले.
त्यानं मान हलवली. जीभ टाळूला चिकटवून सोडली:
विहिरीत खडा पडावा तसा आवाज.
तिथून सुरू होतं म्हणे त्याचं नाव.
समालोचक, पंच, धावफलक, मी,
इतकी वर्षं सगळे त्याला पहिलं अक्षर सोडून हाका मारत होतो.

पण आवाज ओळखीचा होता.
बॅटच्या मधोमध चेंडू लागला
की वरच्या खोलीपर्यंत हाच पोचायचा,
जरा उशिरानं.

मग मी माझं नाव सांगितलं. काळबांडे.
त्याला ळ जमेना. कालबांडे. काडबांडे.
जीभ मागे वळव, मी म्हटलं, अजून मागे.
एकाची निवृत्ती जूनमध्ये, एकाची बहुधा उद्या,
दोन माणसं तोंडं उघडी टाकून एकमेकांच्या जिभा बघत बसलेली.
खाली माळी पाणी मारत होता. दिवे गेले तरी आम्ही तिथंच.

निवृत्तीची बातमी चार ओळींची आली. आकडे बरोबर होते.
मी वही काढून क खोडला. तिथं काय लिहावं?
बाराखडी दोनदा म्हणून पाहिली.
शेवटी जागा कोरी ठेवली, एका अक्षराएवढी.

परवा अजनी चौकात सिग्नलला उभा होतो,
हेल्मेटच्या आत तो आवाज काढून बघत.
विसेक वेळा फसला. एकदा जमला.
शेजारच्या ऑटोतल्या पोरानं वळून पाहिलं
आणि लगेच, पेरू खाता खाता,
माझ्याहून चांगला काढून दाखवला.